पंचविसावं तोंड

डॉ. प्रणिता उंबरजे यांचं पत्र मला फाल्गुनात आलं आणि मी त्याला उत्तर दिलं नाही. पत्र चांगलं होतं, हीच अडचण होती. त्यांनी रागावून लिहिलं असतं तर मी उलट टपाली माफी मागून मोकळा झालो असतो. माफी मागायची मला सवय आहे. पण त्यांनी अतिशय आदरानं, 'आदरणीय अण्णाराव यांस' अशी सुरुवात करून, एक साधा प्रश्न विचारला होता.

त्या एका आयुर्वेद महाविद्यालयाचं संग्रहालय सांभाळतात. तिथे ठेवण्यासाठी आमच्या गावातल्या कारखान्याकडून त्यांनी जुन्या काळच्या वैद्यांची चोवीस स्वस्तिकयंत्रं बनवून घेतली होती. स्वस्तिकयंत्र म्हणजे एक प्रकारची पकड. दोन पाती मधोमध खिळ्यानं जोडलेली, सांडशीसारखी उघडमीट करणारी. अंगात रुतलेला बाण, काटा, हाडाचा तुकडा उपटून काढायला ती वापरत. प्रत्येकीच्या टोकाला एकेका प्राण्याचं तोंड असतं. सिंह, लांडगा, मांजर, कावळा, घुबड, बगळा अशी चोवीस तोंडं जुन्या ग्रंथांत सांगितली आहेत.

'यंत्रं उत्तम झाली आहेत,' असं डॉक्टरीणबाईंनी लिहिलं होतं. 'मात्र पेटीतून पंचवीस निघाली. पंचविसाव्याचा फोटो सोबत जोडते. लांब चोच, पुढे झुकलेली मान, डोळ्यांभोवती दोन गोल कड्या, आणि कानामागे काहीतरी खोचलेलं. हे मुख कोणत्या प्राण्याचं आणि त्याला कोणत्या ग्रंथाचा आधार आहे, ते कृपया कळवावं. आमची माहितीपुस्तिका छापायला जाणार आहे. तूर्त कपाटात 'अज्ञातमुख' अशी पाटी लावली आहे. विद्यार्थी सगळ्यांत जास्त वेळ तिथेच थांबतात.'

मी फोटो उजेडात धरला. मग चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, आणि कानामागची पेन्सिल काढून टेबलावर ठेवली.

तो प्राणी मी होतो.

हे समजायला कारखान्याची थोडी ओळख हवी. युसूफ वडगावात बाजारतळाच्या मागे एक पत्र्याचं शेड आहे. ते नीलाबाईंचं. त्यांच्या यजमानांचं भांड्यांचं दुकान होतं. त्याच्या मागच्या अंगाला त्यांनी भट्टी घातली आणि ते गेल्यावर नीलाबाईंनी दुकान भाड्यानं देऊन भट्टी ठेवली. दसऱ्याच्या आधी तिथे दुसरं काही दिसत नाही, नुसते कोयते. ऊसतोडीच्या टोळ्या एकदा गावाबाहेर पडल्या की शेड शांत होतं आणि मग अडकित्त्यांचं काम निघतं. मोराचे, घोड्याचे, पोपटाचे अडकित्ते. डॉक्टरीणबाईंच्या कुण्या सहकाऱ्यानं असला एक मोराचा अडकित्ता कुठल्याशा लग्नात पाहिला आणि त्यावरून ही चोवीस तोंडांची ऑर्डर आली.

ऑर्डर आली, पण सोबतचे कागद संस्कृतात होते. मी केजच्या कॉलेजात ग्रंथपाल होतो, आता निवृत्त आहे. मला संस्कृत येतं असं म्हणणं धाडसाचं होईल. शब्दकोश शेजारी असला तर आम्ही दोघं मिळून वाचतो. तरी नीलाबाई स्वतः घरी आल्या आणि म्हणाल्या, "अण्णा, तेवढं वाचून सांगा, पोरं काहीबाही करून ठिवतील." पोरं म्हणजे पन्नाशीचा बंकट आणि त्याच्याहून थोडा लहान सोमेश्वर. बंकट भट्टीवर लोखंड घडवतो. सोमेश्वर कानस चालवतो, म्हणजे त्याच्या हातात कानस असते. घासूनपुसून चकचकीत करणं आणि पेटीत भरणं बायनाबाईंकडे. बायनाबाईंना आम्ही सगळे भितो, नीलाबाईसुद्धा.

मी हिवाळाभर तिथे जात राहिलो. एका पोत्यावर बसून शब्दाचा अर्थ सांगायचा आणि चहा घ्यायचा, एवढंच माझं काम. बाकीचं त्यांचं त्यांनी जमवलं. सिंह कुणीच पाहिलेला नव्हता. सोमेश्वरनं नारायणगडाच्या जत्रेतून आणलेला रबरी मुखवटा समोर टांगला. तो सिंह हसत होता, म्हणून आमचा सिंहही किंचित हसतो. डॉक्टरीणबाईंनी त्याबद्दल काही विचारलं नाही.

संस्कृत नावं कुणाच्या ध्यानात राहीनात, तेव्हा त्यांनी प्रत्येक तोंडाला गावातला एकेक माणूस नेमून टाकला. मांजर म्हणजे बँकेतले एक साहेब. घुबड म्हणजे क्लासचे सर. लांडगा म्हणजे माजी सरपंच. दिवसभर शेडमध्ये तेच चालायचं. "क्लासच्या सराचा डोळा बारीक झाला बे." "साहेबांच्या मिशा घास जरा." मी घाबरून दाराकडे बघत बसायचो. एकदा खरोखरच माजी सरपंच अडकित्ता दुरुस्तीला घेऊन दारात उभे राहिले, आणि आतून बंकट ओरडला, "अक्का, माजी सरपंचाचा जबडा उघडंना गेलाय. पुन्ना भट्टीत घालू का?"

नीलाबाईंनी मान वर न करता उत्तर दिलं, "घाल, पर आधी त्यांला चहा तर दे."

माजी सरपंचांनी चहा घेतला. आपला मान राखला म्हणून ते खूश होऊन गेले.

बगळ्याच्या वेळी मात्र बंकट अडला. ग्रंथांत त्याला कंकमुख म्हटलं आहे आणि सगळ्या तोंडांत तेच थोर मानलं आहे. ते सहज आत जातं, घट्ट धरतं आणि सहज बाहेर येतं. हे मला फार आवडलं होतं. मी कधी नव्हे ते उभा राहिलो, मान पुढे काढून, पेन्सिल हातात धरून बगळा पाण्यात चोच कशी घालतो ते दाखवलं. बंकट माझ्याकडे टक लावून बघत होता. मला वाटलं, ह्याला विषयाची गोडी लागली.

"आणखीन एकदा करा, अण्णा," तो म्हणाला. "बाजूनं."

मी बाजूनंही करून दाखवलं.

आता त्या शेडमधली एक रीत सांगायला हवी. मोठी ऑर्डर संपली की उरल्यासुरल्या लोखंडाचा एक शेवटचा नग घडवतात. तो विकायचा नसतो. त्याला ते 'शेपूट' म्हणतात. शेपूट कारखान्यातल्याच कुणाची तरी थट्टा करणारं असतं आणि ऑर्डर रवाना झाली की दुसऱ्या दिवशी पेढे वाटून ते भट्टीवरच्या फळीला टांगतात. नीलाबाईंचा बोटाएवढा कोयता तिथे आहे, नथ घातलेला. सोमेश्वरची कानस आहे, तिला एकही दात नाही. बंकटचा अडकित्ता कधीच मिटत नाही, कारण बंकटचं तोंड मिटत नाही. बायनाबाईंच्या शेपटाचा अर्थ कुणी कधी मोठ्यानं सांगितला नाही. ती एक साधी घंटा आहे, फक्त आतला लोळा बाहेरच्या घंटेपेक्षा मोठा आहे.

मी ती फळी रोज बघायचो. मी काही तिथला कामगार नव्हतो, तेव्हा माझं शेपूट असण्याचा प्रश्न नव्हता. असं मी स्वतःला सांगत असे, आणि एखादी गोष्ट मी स्वतःला पुन्हा पुन्हा सांगायला लागलो की तिच्यात कुठेतरी पाणी मुरतंय हे मला या वयात कळतं.

माघात पेटी गेली. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम लवकर गेलो. पेढे नव्हते. फळीवर नवं काही नव्हतं. तिघंही तोंडं पाडून बसले होते.

"या बारीला शेपूट नाही का?" मी विचारलं.

"न्हाई," सोमेश्वर म्हणाला. "लोखंडच उरलं न्हाई."

भट्टीजवळ लोखंडाचा ढीग होता. 

म्हणून फाल्गुनात तो फोटो पाहिल्यावर मला जे वाटलं ते वाटलं. त्यांनी माझं शेपूट केलं होतं तर. पण सगळ्यांची शेपटं घरी फळीवर आणि माझं पेटीत घालून परगावी. म्हणजे मी हसण्यापुरता चाललो, टांगण्यापुरता नाही. पोत्यावर बसून मी शब्द समजावत होतो तेव्हा हे माझं नाक मोजत होते. मी पत्राची घडी घातली, पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवली आणि शेडमध्ये जायचं कमी केलं. विचारलं तर डोळ्यांचं कारण सांगायचो. डोळ्यांचं कारण माझ्या वयात कुणी तपासत नाही.

उत्तर लिहायला मी अनेकदा बसलो. 'सदर यंत्र नजरचुकीने' इथपर्यंत मजकूर चांगला यायचा. पुढे तो प्राणी कोण हे लिहायची वेळ आली की मी उठून पाणी प्यायचो. न पाहिलेल्या विदुषीला, 'आपले विद्यार्थी ज्याच्यासमोर थांबतात तो मी' असं कसं कळवायचं? मी आयुष्यभर पुस्तकांच्या मागे उभा राहिलेला माणूस आहे. फोटोतही मी कडेला असतो, आणि छापताना ती कड बहुतेक वेळा कापली जाते.

चैत्र लागल्यावर एके दिवशी न राहवून शेडकडे गेलो. आतून भांडण ऐकू येत होतं. कारखाना पार उलथापालथा झालेला होता. पोती झटकलेली, कोळशाचा ढीग उपसलेला, सोमेश्वर पत्र्याखालच्या वाशावर चढलेला.

"अगं पर तूच भरलंस ना पेटीत सगळं!" बंकट बायनाबाईंना म्हणत होता.

"मला काय ठावं बे तुझं?" बायनाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "मी जे फळकुटावर घासून ठिवलेलं असतं ते भरते. माणसानं सांगावं. मुक्यानं ठिवायचं अन् मग माझ्या नावानं बोंबलायचं."

"सांगणार कसं? ते दारातच उभे होते की!"

"मग दडवायचं कशाला पाखरांच्यात? कोळशात दडवायचं."

"इतकं घासून कोळशात दडवू?"

एवढ्यात सोमेश्वरला वरून मी दिसलो. "अण्णा आले," तो म्हणाला, आणि तिघंही एकदम कामाला लागले. बंकट थंड भट्टीचा भाता मारू लागला. बायनाबाई एक स्वच्छ कोयता पुसू लागल्या. मला बोलणं नीट उलगडलं नव्हतं, पण काहीतरी हरवलं आहे, ते काय आहे आणि कुठे आहे हे मला कळलं. त्यांना ते कळलेलं नव्हतं. मी पिशवी पोटाशी धरली आणि म्हणालो, "काही शोधताय का?"

"न्हाई," तिघं एका आवाजात म्हणाले.

"बरं," मी म्हणालो आणि घरी आलो. वाटेत मला दोनदा हसू आलं. दोन्ही वेळा मी ते खोकला म्हणून दाबलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी नीलाबाईंचा निरोप आला की ताबडतोब या. मी गेलो तर त्या मोबाईल हातात धरून खुर्चीवर बसल्या होत्या. पुढे बंकट, सोमेश्वर, बायनाबाई उभे. मला पोत्याऐवजी स्टूल दिलं, त्यावरून प्रकरण गंभीर आहे हे समजलं.

"त्या डॉक्टरीणबाईंचा फोन आलता," नीलाबाई म्हणाल्या. "म्हणत्यात, अण्णांना पत्र लिवलंय, उत्तर न्हाई, तब्येत बरी हाय ना? पुस्तक छापायचं थांबलंय म्हणं. अन् आणखीन एक सांगितलं. शस्त्रांची दुसरी ऑर्डर द्यायचीय, जुन्या वैद्याच्या सुऱ्या, सुया, करवती. पर ह्या पंचविसाव्या नगाचा आधार कळल्याबिगर ऑर्डर पुढं सरकत न्हाई. वरचे लोक इचारत्यात, कारखाना ग्रंथाबरहुकूम काम करतो का मनाचं करतो." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "अण्णा, कोणता पंचविसावा नग?"

मी पिशवीतून पत्र काढलं. फोटो वर होता.

बंकटनं तो हातात घेतला. त्याच्या मागून सोमेश्वर वाकला, सोमेश्वरच्या मागून बायनाबाई. मग बायनाबाईंनी पदर तोंडात कोंबला आणि सोमेश्वर खाली बसला. हसता हसता तो कोळशाच्या ढिगावर कलंडला.

"म्युझियममंदी गेलं!" तो म्हणत होता. "काचंत ठिवलंय बे! पाटी लावून!"

"हे शेपूट?" नीलाबाईंनी फोटो लांब धरून पाहिला. एकदा फोटोकडे, एकदा माझ्याकडे. त्यांच्या नाकपुड्या थरथरल्या, पण त्या मालकीण आहेत, त्यांनी आवरलं. "बंकट, कान जरा मोठे झालेत."

"कानामागं पेन्सिल बसवायची होती, अक्का. जागा लागतीय."

मी हसलो नाही. बंकटला ते दिसलं असावं. तो पुढे आला.

"अण्णा, पत्र तर लई दिवसाखालचं हाय. दडवून कावून ठिवलं?"

खोटं सांगायला मला काही सुचलं नाही. "मला वाटलं, तुम्ही ते मुद्दाम पाठवलं," मी म्हणालो. "इथे टांगायला नको म्हणून."

सोमेश्वरचं हसू थांबलं. बंकटनं वर छताच्या पत्र्याकडे पाहिलं, मग बायनाबाईंकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

"मुद्दाम? चष्म्याच्या कड्या बसवताना बोट भाजून घेतलंय मी. हे बघा. पेटी निघायच्या आदल्या दिवशी शेवटचा हात मारत होतो, तेवढ्यात तुमी आलात पुस्तक घेऊन. काय करू? शेपूट ज्याचं त्यानं आधी बघायचं नसतंय. पाखरांच्या रांगेत ठिवून दिलं. अन् ही बया," त्यानं बायनाबाईंकडे बोट केलं, "मोजून भरती का? मापानं भरती. जागा हाय तवर भरत राहती."

"पाखरूच दिसलं मला ते," बायनाबाई म्हणाल्या. "अन् अण्णा, राग नका मानू, लई देखणं पाखरू दिसलं."

मग बंकटनं मला हाताला धरून भट्टीपाशी नेलं. फळीवर मिटत नसलेला अडकित्ता आणि घंटा यांच्या मधे एक खिळा होता. नवा, काजळी न धरलेला. मी तो इतके दिवस पाहिला नव्हता. पाहिला असेल तर तो रिकामा का आहे हे विचारलं नव्हतं.

"आता काय करायचं ते बोला," नीलाबाई म्हणाल्या. "त्या बाईंला काय कळवायचं?"

"सोपं हाय," सोमेश्वर कोळसा झटकत उठला. "अण्णांनी एक प्राणी काढायचा. लई जुना. आता उरला न्हाई असा. अन् त्याच्यावर चार ओळी संस्कृत."

"असं कसं करता येईल?" मी म्हणालो. पण खरं सांगायचं तर तोवर माझ्या डोक्यात पहिली ओळ तयार झाली होती आणि ती अनुष्टुभात बसत होती. दुसरीही लांब नव्हती. मला स्वतःची भीती वाटली.

"बघा, सुचायलंय त्यांला!" सोमेश्वर ओरडला. "तोंड बघा! कागद चहात बुडवू, वाळवू, जुना दिसतोय."

"थांब बे," बायनाबाई म्हणाल्या. "ग्रंथातलं पाखरू हाय म्हणलं तर त्या बाई काचंला कुलूप लावतील. माघारी देतील का मग? अन् खरं सांगितलं तर ऑर्डर जाईल. म्हणतील, कारखान्यात पोरखेळ चालतोय."

हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. खोटं लिहिलं तर शस्त्रांचं काम मिळेल आणि माझं तोंड कायमचं काचेत राहील, कुठल्यातरी न झालेल्या प्राण्याचं म्हणून. पोरं वहीत उतरवून घेतील, परीक्षेत लिहितील. खरं लिहिलं तर ते फळीवर येईल, पण फळीखालची भट्टी कदाचित पावसाळाभर थंड राहील. आणि खरं लिहायचं म्हणजे ते मलाच लिहायला हवं होतं.

मी नीलाबाईंकडे पाहिलं. निर्णय त्यांनी द्यावा अशी माझी फार इच्छा होती. माझे बहुतेक निर्णय असेच झाले आहेत.

त्यांनी मोबाईल पालथा ठेवला. "तोंड तुमचं हाय, अण्णा. तुमीच ठरवा. मी काय म्हणणार न्हाई."

"पण ऑर्डर?"

"कोयते हायतच की."

पेटी भरायच्या फळकुटावरच मी लिहायला बसलो. घरी गेलो असतो तर पुन्हा पाणी प्यायला उठलो असतो. सगळे भोवती उभे राहिले. मी लिहिताना कुणी बघितलेलं मला चालत नाही, पण सांगायचा धीर झाला नाही. पहिली दोन वाक्यं दोनदा खोडली. मग कसं कोण जाणे, हात चालू लागला.

'डॉ. प्रणिता उंबरजे यांस सप्रेम नमस्कार. उत्तरास फार उशीर झाला. पंचविसाव्या यंत्राला कोणत्याही ग्रंथाचा आधार नाही. हा प्राणी युसूफ वडगाव व परिसरात आढळतो. दिवसा पोत्यावर बसतो. आहार चहा व भाजलेल्या शेंगा. स्वभाव भित्रा, पत्रांना उत्तर देत नाही. कानामागे खोचलेली वस्तू शिसपेन्सिल आहे.'

"चोच लांब न्हाई असं लिवा," बायनाबाई म्हणाल्या. "बंकटनं वाढवलीय."

"वाढवली न्हाई," बंकट म्हणाला. "कमी केलीय."

'चोचीच्या लांबीबाबत कारागिरांत मतभेद आहेत,' मी लिहिलं. सोमेश्वरनं वाचून दाखवायला सांगितलं आणि मांडीवर थाप मारली. मला अचानक लाज वाटली, पण ती नेहमीची नव्हती. पुढचं मी सरळ लिहिलं.

'बाई, हा प्राणी मी आहे. ऑर्डर संपली की आपल्यातल्या एकाची थट्टा लोखंडात घडवून भट्टीवर टांगायची, अशी या कारखान्याची रीत आहे. माझी पाळी आली तेव्हा ते माझ्यापासून लपवताना आपल्या पेटीत गेलं. बाकीची चोवीस ग्रंथाबरहुकूम आहेत, सिंहाच्या हसण्याखेरीज. शस्त्रांचं काम द्यायचं की नाही ते आपण ठरवावं. पण आपली पाटी काढून हे तोंड परत पाठवावं, ही विनंती. इथे त्याच्यासाठी खिळा ठोकलेला आहे.'

"सिंहाचं कशाला सांगितलं?" सोमेश्वर कळवळला.

"खरं लिहायला बसलो तर थांबता येईना," मी म्हणालो.

नीलाबाईंनी कागद घेतला. ओठ हलवत शेवटपर्यंत वाचला. मला वाटलं आता त्या म्हणतील, अण्णा, उद्या बघू. त्यांनी टेबलाचा खण उघडला, कारखान्याचा शिक्का काढला, शाईच्या डबीवर दोनदा दाबला आणि माझ्या सहीशेजारी उमटवला.

"एकट्याचं पत्र जायला नको," त्या म्हणाल्या.

पाकीट बायनाबाईंनी मागून घेतलं. आत हात घालून, उलटं करून, झटकून पाहिलं. "ह्या बारीला मी बघून भरणार," त्या म्हणाल्या, आणि कागद आत सारून पाकिटाला इतका डिंक लावला की ते फोडताना डॉक्टरीणबाईंना आमचंच एखादं यंत्र लागलं असतं.

पोस्टापर्यंत मी एकटा जातो म्हणालो. कुणी ऐकलं नाही. बंकट पुढे, मी मधे, मागे सोमेश्वर आणि बायनाबाई. बाजारतळावर लोक बघत होते. माजी सरपंचांनी हॉटेलातून हाक मारली, "काय अण्णा, वरात कुठं निघाली?" मी मान खाली घातली, आणि मग, का ते माहीत नाही, वर करून म्हणालो, "पत्र टाकायला."

पोस्टमननं पेटी उघडली होती. बाहेरची पत्रं पोत्यात भरून तो मोटरसायकलला बांधत होता. मला फट शोधायची गरज उरली नाही. मी पाकीट त्याच्यापुढे धरलं. त्यानं ते उलटसुलट करून पाहिलं.

"लई डिंक लावलाय. आत काय हाय?"

"कागदच आहे," मी म्हणालो.

त्यानं पाकीट पोत्यात टाकलं, दोरी ओढून गाठ मारली आणि किक मारली. गाडी दुसऱ्या किकला सुरू झाली. धूर बसेपर्यंत आम्ही चौघं रस्त्याकडे बघत उभे होतो.